काहीही लिहीन

माझी मोठी बहीण, अक्का, जळगावातल्या एका दैनिकात उपसंपादक होती. दुसऱ्यांच्या बातम्या नीट करण्यात तिची वर्षं गेली. मग त्याची जळगाव आवृत्तीच बंद झाली. पिंप्राळ्यातल्या आमच्या घरी ती लॅपटॉप घेऊन बसू लागली. कंपन्यांना, दवाखान्यांना, शाळांना मेल पाठवायची. माहितीपत्रक, वेबसाइट, जाहिरात, काहीही लिहून देईन. मेल एकच, वरचं नाव तेवढं बदलायचं. एकदा बदल अर्धवट राहिला आणि धुळ्याच्या एका शाळेला ‘आपल्या रुग्णालयासाठी’ असा मजकूर गेला. आम्ही दोघं खूप हसलो. नंतर तिने तो मेल पुन्हा पहिल्यापासून वाचून काढला.

उत्तरं येत नव्हती. शेवटी ओळखीतून नरडाण्याच्या एका मसाल्याच्या कारखान्याच्या मालकांनी भेटायला बोलावलं. तिला एकटीला जायचं नव्हतं, म्हणून मी रजा टाकली. पॅसेंजरने निघालो. तिने ठेवणीतला ड्रेस घातला होता आणि अमळनेर येईपर्यंत ती ओठांतल्या ओठांत काहीतरी पाठ करत होती.

मालक उतारवयाचे, मोकळे, अहिराणीत बोलणारे. आधी चहा मागवला. अक्काने फाइल उघडून पदवी, अनुभव, मिळालेली बक्षिसं असं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“ते बठ्ठं बरोबर शे, ताई. पण आमनाकरता काय लिखशात?”

“तुम्ही सांगाल ते. मी काहीही लिहीन.”

“आमना मसाला खादा का कधी?”

अक्काने माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडे मसाला घरीच व्हायचा.

“नाही,” ती म्हणाली.

ते रागावले नाहीत. उलट निघताना मसाल्याची दोन पाकिटं तिच्या हातात दिली. त्या पाकिटांवरूनच मला कळलं, काम मिळणार नाही.

परतीच्या गाडीला वेळ होता. फलाटावर बसल्याबसल्या अक्का बोलू लागली. कारखान्यात शिरताना शेडमध्ये मिरच्यांचे देठ खुडणाऱ्या बाया दिसल्या होत्या. सगळ्यांच्या तोंडाला पदर बांधलेले, डोळे तेवढे उघडे आणि तिखटाने भरून आलेले.

“एक जण काहीतरी बोलली आणि सगळ्या हसल्या,” अक्का म्हणाली. “पण डोळ्यांकडे पाहिलं तर वाटावं, सगळ्या मिळून रडतायत. घरी गेल्यावर त्यांची पोरं जवळ येत असतील का रे? हाताला किती दिवस ती आग राहत असेल?”



“अक्का, हे तिथे का नाही सांगितलंस?”

“त्यांना हे कशाला हवंय? त्यांचं काय असेल ते त्यांनी सांगायचं, मी लिहायचं.”

गाडी आली. आम्ही चढलो.

त्यानंतरही तिने काही ठिकाणी विचारून पाहिलं. एका डॉक्टरांना त्यांच्या वेबसाइटवरच्या चुकाच लिहून पाठवल्या. काही दिवसांनी चुका दुरुस्त झालेल्या दिसल्या. तिला कुणी कळवलं नाही. मग हळूहळू मेल पाठवणं थांबलं.

आता ती एका क्लासच्या ऑफिसात बसते. प्रवेशाचे अर्ज तपासते. परवा जेवताना मी विचारलं, “करमतं का गं तिथे?”

“करमतं की. तिथे कुणी विचारत नाही, तुम्हाला काय येतं म्हणून. काम समोर येतं, मी करते.”

तिने माझ्या ताटात भाजी वाढली. मला नको होती, पण मी खाल्ली.