कार्याचं पत्र

चौसष्ट सालच्या पावसाळ्यात वडिलांची बदली मद्रासला होणार असं घाटत होतं. ते विमा कचेरीत अधिकारी. सांगली सोडून आम्हाला अकरा वर्षं झाली होती, त्यातली सहा जयपुरात गेली. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि टोंक रोडवरच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. विद्यापीठात तमिळ भाषा, साहित्य आणि संस्कृतीचा अर्धवेळ वर्ग निघतोय, आठवड्यातून तीन संध्याकाळी, अशी जाहिरात वडिलांनीच मला दाखवली.

"घरात एकाला तरी यायला पाहिजे," ते म्हणाले. "नाहीतर तिथं भाजीवाला काय म्हणतोय तेही कळायचं नाही."

"आणि बदली रद्द झाली तर?" आईनं विचारलं.

"मतलब काय, विद्या काय वाया जाते?"

बदली रद्द झालीच. पण तोवर मी वर्गात रमले होते.

शिकवणारे सर तंजावरकडचे, साठीच्या अलीकडचे. दुर्गापुऱ्याला स्टेशनाजवळ एका खोलीत एकटे राहायचे. गावाकडं म्हातारी आई होती म्हणून बायको तिकडेच. एकुलता एक मुलगा तिरुचिरापल्लीच्या कॉलेजात, वसतिगृहात. सर आमच्याशी इंग्रजी आणि मोडक्या हिंदीत बोलायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना 'ळ' म्हणायला लावला. हिंदीवाल्यांच्या तोंडून 'ल' निघे. माझा 'ळ' ऐकल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "अम्मा, पुन्हा म्हण." त्यांच्याकडं लहान मुलीलाही अम्मा म्हणतात हे मला तेव्हा कळलं.

साहित्य शिकवताना त्यांनी सांगितलं होतं की जुन्या तमिळ कवितेत प्रत्येक भावनेला एकेक भूमी ठरलेली असते. डोंगर मीलनाचा, समुद्रकाठ झुरण्याचा, आणि करपलेली, निर्जल जमीन ताटातुटीची. "आमच्या कवींनी असला मुलूख फारसा पाहिला नसेल," ते खिडकीबाहेरच्या वाळूकडं बोट दाखवून म्हणाले. "मी मात्र त्यातच येऊन राहिलोय."

जुलैत आम्ही नऊजण होतो. दिवाळीनंतर तिघंच उरलो. मी, सैन्यातले एक सुभेदार आणि एक कापडाचे व्यापारी. या शेटजींच्या भावाचं मद्रासला दुकान होतं.

दिवाळीनंतरच्याच एका वर्गात ते माझ्या लक्षात आलं. सरांनी फळ्यावर एक ओळ लिहिली, मग दुसरी लिहिली, आणि ती बरोबर पहिलीच्या अंगावर उमटली. मग तिसरीही तिथंच. पांढऱ्या रेघांचा नुसता गुंता झाला. सर वळून शांतपणे म्हणाले, "उतरून घ्या." सुभेदारांनी माझ्याकडं पाहिलं. आम्ही तिघांनी माना खाली घालून काहीतरी लिहिल्यासारखं केलं. सरांना दिसत नव्हतं. ते सगळं पाठ म्हणून शिकवत होते, हातात पुस्तक नुसतं धरलेलं असायचं. हे वरती कळलं तर नोकरी जाणार, हे आम्हाला न सांगताही समजलं.

पुढच्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि खिशातून एक आंतर्देशीय पत्र काढलं. "तुझा वाचनाचा सराव व्हायला पाहिजे. हाताचं अक्षर वाचता आलं तरच भाषा आली. हे वाच."

ते त्यांच्या बायकोचं पत्र होतं. मी अक्षर जुळवत वाचू लागले. अर्थ दहातला एक शब्द कळायचा. सर समोरच्या बाकावर बसून ऐकत होते, मध्येच माझा उच्चार सुधारत होते. विहिरीला पाणी चांगलं आहे, गाय व्याली, सासूबाईंचे गुडघे दुखतात, असलं ते पत्र. त्यांनी नंतर ते मला समजावून सांगितलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.

मग दर आठवड्याला पत्र वाचायचं ठरूनच गेलं. मला ते आवडायला लागलं, याची आज लाज वाटते. मी वहीत दोन रकाने केले होते. मराठीशी जुळणारे शब्द एका बाजूला, जुळतात असं वाटून फसवणारे दुसऱ्या बाजूला. त्यांची कच्चेरी म्हणजे गाण्याची बैठक, आपली कचेरी म्हणजे वडिलांचं ऑफिस. सर हसायचे आणि म्हणायचे, "ओळखीच्या चेहऱ्यापासून जास्त जपावं."

डिसेंबरात पत्रांचा सूर बदलला. आता मला दहातले चार-पाच शब्द कळत होते. त्यामुळं वाचता वाचताच माझा आवाज बारीक व्हायचा. मुलगा सुट्टीत घरी आला नाही. कॉलेजातली मुलं सभा घेतात, हिंदीविरुद्ध घोषणा देतात. त्यानं मित्रांबरोबर स्टेशनच्या पाटीवरची हिंदी अक्षरं डांबरानं पुसली. आईनं पत्रातून रागावलं तेव्हा त्यानं उलट लिहिलं, 'आप्पाला सांग, हिंदीवाल्यांचं अन्न खातोस, मला पत्र लिहू नकोस.' हे वाक्य मी अडखळत वाचलं. सर म्हणाले, "पुढं."

जानेवारीत मद्रास राज्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले. वर्तमानपत्रात रोज जाळपोळीच्या, गोळीबाराच्या बातम्या. शेटजी एका संध्याकाळी वर्गाच्या दारातच थांबले, आत आले नाहीत. "बहनजी, भावाच्या दुकानाची पाटी फोडली," ते मला म्हणाले. "आता कशाला तमिळ शिकू?" सरांना त्यांनी लांबूनच नमस्कार केला. सरांना तो दिसला नाही, पण ते म्हणाले, "शेटजी, सुखरूप राहा." सुभेदारांची बदली सरहद्दीकडं झाली. वर्गात मी एकटीच उरले.

एक दिवस आम्ही खोलीत शिरलो तर फळ्यावर मोठ्या हिंदी अक्षरांत लिहिलेलं होतं, 'मद्रासी वापस जाओ.' मी पुढं होऊन पुसायला लागले.

"काय लिहिलंय?" सरांनी विचारलं.

"कालचं गणित आहे, सर."

ते खुर्चीवर बसले. "गणित इतकं घाईघाईनं पुसत नाहीत, अम्मा."

त्याच आठवड्यात आलेल्या पत्रात 'पोलीस' हा शब्द तीनदा होता. तो समजायला तमिळ यावं लागत नव्हतं. पोलीस घरी मुलाची चौकशी करून गेले होते. वसतिगृहातून तो नाहीसा झाला होता. बायकोनं शेवटी लिहिलं होतं की तुम्ही येत नाही, तर मीच जाऊन बघते.

त्यानंतर अडीच आठवडे पत्र नाही. वर्गात दोघंच बसायचो. बाहेर मोर ओरडायचे, थंडी मावळतीबरोबर खोलीत यायची. सर क्रियापदं शिकवत राहिले. मध्येच थांबून कान देत, जिन्यावर कुणाची पावलं वाजतात का म्हणून.

फेब्रुवारीच्या मध्यावर ते वर्गात आले तेव्हा त्यांच्या हातात एक पोस्टकार्ड होतं. "सकाळी आलं. अक्षर कुणाचं आहे बघ."

"तुमच्या मेव्हण्यांची सही आहे, सर. पत्रांत येतं ते नाव."

"वाच."

सहा-सात ओळीच होत्या. मी वाचल्या आणि बहुतेक सगळं मला कळलं, म्हणून मनातून हुरळले. तार मिळालीच असेल. तुमची वाट पाहिली. जास्त थांबता आलं नाही. गाड्या बंद आहेत हे आम्हाला माहीत आहे. अमुक तिथीला कारियम ठरलं आहे, त्याला तरी येऊन पोचावं.

"सर!" मी म्हणाले. "घरी कार्य आहे! तुम्हाला बोलावलंय." माझ्या डोळ्यांपुढं मांडव, पंगत असलंच काहीतरी आलं. मुलगा सापडला असेल, त्याचं लग्नबिग्न ठरवलं असेल, असंही क्षणभर वाटून गेलं. मी हसत होते.

सरांनी हात पुढं केला. "तो शब्द परत वाच."

"कारियम."

"पहिलं अक्षर दीर्घ आहे?"

"हो, सर, 'का' आहे."

त्यांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं, डाव्या डोळ्यापाशी नेलं, मग खाली ठेवलं. "तुमच्याकडं कार्य म्हणजे लग्न, मुंज. आमच्याकडं माणूस गेल्यावर जे करतात, त्याला कारियम म्हणतात."

मी अजून हसऱ्या चेहऱ्यानंच बसले होते, तो चेहरा सोडायचा कसा तेही कळेना.

"कोण?" शेवटी मीच विचारलं.

"ते तारेत असेल. तार मला मिळाली नाही."

मी ते कार्ड आणखी तीनदा वाचलं. पाठपोट बघितलं, कडेनं काही लिहिलंय का पाहिलं. नाव कुठंच नव्हतं. मेव्हण्यांनी गृहीत धरलं होतं की सगळं माहीत आहे.

"तुमच्या आई असतील," मी म्हणाले. "वय झालंय त्यांचं."

"आईसाठी माझा मेव्हणा पत्र लिहिणार नाही, माझा चुलतभाऊ लिहील. बायकोनं लिहिलेलं नाही, म्हणजे ती गेली असेल. मुलगा गेला असेल तरीही ती लिहिणार नाही." हे ते क्रियापदं चालवावीत तशा आवाजात बोलले.

आम्ही रिक्षानं तारघरात गेलो. तिथल्या बाबूनं सांगितलं की तिकडच्या तारा बरेच दिवस तुटलेल्या होत्या. अडकलेल्या तारांचं काय झालं ते सांगता येणार नाही. सरांनी तार लिहायला सांगितली, 'तुमची तार मिळाली नाही. निघालो आहे.'

"कोण ते विचारू या ना, सर. जवाबी तार करू."

"उत्तर आलं तर इथं ऐकावं लागेल," ते म्हणाले. "आणि ते तुला वाचून दाखवावं लागेल. आज वाचलंस तेवढं पुरे."

हे कळल्यावर वडील त्यांना आमच्याच घरी घेऊन आले. आईनं दशम्या बांधून दिल्या. स्वयंपाकघरात ती मला हळूच म्हणाली, "अगं, सुतक आहे म्हणायचं, पण कुणाचं? देवापुढं दिवा लावताना नाव तरी काय घेऊ?" तिनं नाव न घेताच दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांना गाडीत बसवलं. आग्र्याला गाडी बदलायची, मग मद्रासपर्यंत दोन दिवस, तिथून पुढं आणखी एक रात्र. वडिलांनी डब्यातल्या एका कुटुंबाला हात जोडून सांगितलं की यांना आग्र्याला दुसऱ्या गाडीत बसवून द्या, यांची नजर अधू आहे. हे सरांसमोर पहिल्यांदाच कुणी उघड बोललं.

"तुला केव्हापासून माहीत होतं?" त्यांनी खिडकीतून मला विचारलं.

"दिवाळीपासून."

"आणि मी समजत होतो की मी फार हुशारीनं शिकवतोय." गाडी हलली. इतका लांबचा प्रवास तो माणूस एकच प्रश्न घेऊन करणार होता, आणि दर स्टेशनाला तो प्रश्न घराच्या जवळ जाणार होता. मी शाळेत गेले, तास घेतले. काय शिकवलं ते आठवत नाही.

वर्ग बंद झाला. परीक्षा झालीच नाही. दोन महिने काही कळलं नाही. चैत्रात शाळेतून घरी आले तेव्हा टेबलावर जाडसर पाकीट होतं, माझं नाव तमिळ अक्षरांत आणि खाली इंग्रजीत. आत तीन पानं, अनोळखी, कोवळं, तिरकं अक्षर. ते वाचायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

गेली होती ती सरांची बायको. मुलाला शोधायला ती एकटीच तिरुचिरापल्लीला गेली. बाजारात मुलांचा मोर्चा आला, पळापळ झाली, ती पडली आणि लोक तिच्या अंगावरून गेले. त्या वेळी मुलगा दोन गल्ल्या पलीकडं एका मित्राच्या घरात लपलेला होता. त्याला चौथ्या दिवशी कळलं. सर पोचले तेव्हा तेरावा होऊन गेला होता. दारात मुलगाच पुढं आला, आणि त्याचा आवाज ऐकून सरांना कळलं की कोण गेलं.

आता सरांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. पत्र मुलगा लिहीत होता, सर सांगत होते. शेवटच्या चार ओळी मात्र सरांच्या नव्हत्या. 'माझी आई जी पत्रं लिहीत होती, ती तुम्ही आप्पांना वाचून दाखवत होतात असं ते म्हणतात. त्यात माझ्याबद्दल काय होतं? आप्पा सांगत नाहीत. घरात ती पत्रं नाहीत.'

ती पत्रं दुर्गापुऱ्याच्या खोलीत होती. मी आणि वडील जाऊन घेऊन आलो. पुस्तकांच्या खोक्यात पंचांगाखाली सुतळीनं बांधलेली होती. पाठवावीत की नाही यावर घरात चार दिवस बोलणं झालं. आई म्हणाली, जाळून टाक, त्या पोराला आयुष्यभर टोचेल. वडील म्हणाले, त्याच्या आईची आहेत, आपण कोण ठरवणार? शेवटी मी ती सगळी पाठवली, शेवटचं धरून, ज्यात तिनं लिहिलं होतं की मीच जाऊन बघते. सोबत माझं पहिलं तमिळ पत्र होतं, पाच ओळींचं, चुकांनी भरलेलं.

उत्तर यायला वर्ष लागलं. त्यात एवढंच होतं की पत्रं पोचली, आप्पा ठीक आहेत, पाऊस बरा झाला. माझ्या पत्रातल्या चुका त्यानं लाल शाईनं सुधारून परत पाठवल्या होत्या. त्यानंतर सर असेपर्यंत दर पोंगलला त्याचं कार्ड येत राहिलं. आईबद्दल त्यानं पुन्हा कधी काही लिहिलं नाही, आणि मीही विचारलं नाही.