आकाराम फिटर आणि उंबरदऱ्याची लस

सातारा रोड स्टेशनावर उतरलेला लाकडी खोका बैलगाडीतून पोवई नाक्यावरच्या गॅरेजात आला, तेव्हा आकाराम एका ट्रकखाली उताणा पडला होता. गॅरेजचे मालक लालासाहेब यांनी सवयीनं दोन हाका मारल्या, मग स्वतःशीच हसून त्याच्या तळपायाला पायानं ढोसलं. आकारामला हाका मारून उपयोग नसे. डावा कान पार गेलेला. उजव्यात जे शिल्लक होतं, तिथं समोर उभं राहून मोठ्यानं बोललेलंच काय ते पोचायचं. बाकीचं तो समोरच्याच्या ओठांवरून उचलायचा.

तो मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात वसलेल्या उंबरदऱ्याचा. नाचणी-वरीचं गाव, आणि घरटी एक माणूस पलटणीत. चाळीस साली तोही भरती झाला. हाताला कसब आहे हे वरच्यांच्या लवकरच ध्यानात आलं आणि त्याला वर्कशॉपात टाकलं. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर चिखलात रुतलेल्या फटफट्या त्यानं इतक्या खोलल्या आणि जोडल्या, की पुढं पुढं नटाला हात लावूनच तो कुठला हे सांगायचा. तिथंच एके सकाळी तंबूशेजारी तोफेचा गोळा फुटला. शेजारचे दोघं जागेवर गेले. आकारामचे कान गेले.

लष्करी दवाखान्यात पडलेला असतानाच घरचं पत्र आलं. गावच्या मास्तरांनी लिहिलं होतं, की तीन वर्षांची तानू देवीच्या साथीत गेली. खाली आणखी एक ओळ होती : ‘मुलीस मागील साली देवी टोचल्या होत्या, तरीही.’

लेकीला त्यानं एकदाच, रजेवर आला तेव्हा पाहिलं होतं. त्या ‘तरीही’चा अर्थ मात्र तो पुढं कित्येक महिने लावत राहिला. शेवटी त्यानं एकच अर्थ धरला. देवी टोचणारा माणूस लबाड होता.

शेहेचाळीस साली सुटून आल्यावर काम मिळेना. “इंजनाचा आवाज ज्याला ऐकू येत न्हाई, त्यो फिटर कसला?” असं लोक त्याच्या तोंडावर म्हणत. तोंडावर म्हणत म्हणूनच त्याला ते कळे. लालासाहेब मूळचे सांगलीकडचे, घरी उसाची शेती, आणि स्वतःही पलटणीत राहून आलेले. त्यांनी बंद पडलेलं एक इंजन आकारामपुढं ठेवलं, दुपारपर्यंत ते चालू झालेलं पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला यायला सांगितलं. बायको मनुबाई उंबरदऱ्यातच राहिली, म्हाताऱ्या सासूपाशी. गेल्या वर्षी त्यांना दुसरी मुलगी झाली. तिचं नाव रंगू.

एकोणपन्नासच्या माघात तो खोका आला. फळ्या काढल्या तसा आतून ग्रीसचा वास सुटला. नवी कोरी, सव्वाशे सीसीची, टू-स्ट्रोक फटफटी. अंगानं बारकी, दोन माणसं उचलून ओढ्यापलीकडं नेतील एवढीच. आकारामचा हात आपसूक टाकीवरून फिरला.

“कुनाची म्हनायची?” त्यानं विचारलं.

“देवी डाक्टरांची. वाईचे चिंतामणराव न्हाईत का, जावळीच्या डोंगरात लस टोचत हिंडत्यात ते. आपल्याकडं धाडलीया, डोंगर चढंल अशी करून द्या म्हून.”

आकारामनं हातातला पाना फळीवर ठेवला. “मी न्हाई हात लावनार हिला,” म्हणाला, आणि परत ट्रकखाली शिरला.

तिसऱ्या दिवशी चिंतामणराव स्वतः आले. चाळिशीचा, उन्हानं रापलेला किडकिडीत माणूस, पायात फाटलेले कॅनव्हासचे बूट. लालासाहेबांनी त्यांना सगळं सांगितलं होतं. ते सरळ आकारामच्या समोर येऊन उभे राहिले आणि शब्द न् शब्द सुटा करून बोलले.

“तुमच्या मुलीला मीच टोचलं होतं.”

“ठावं हाय मला.”

“लस बेळगावाहून येते. जिवंत असते ती, थंडच राहावी लागते. ऊन लागलं की मरते. उंबरदऱ्याला पोचायला मला दोन दिवस लागायचे, पायी. त्या वर्षी ऊन फार होतं.”

“मंजी मेलेली लस टोचली?”

“मला संशय होता,” चिंतामणराव म्हणाले. “रिकाम्या हातानं परत फिरायचं धाडस झालं नाही. आठव्या दिवशी दंडावर फोड आला की नाही, हे पाहायला परत यायला हवं होतं. पुढं दुसरी गावं होती. मी आलो नाही.”

हे त्यांनी न सांगताही चाललं असतं. लस वाईट निघाली एवढं म्हणून ते मोकळे झाले असते. आकाराम त्यांच्या ओठांकडं पाहत राहिला, आणखी काही येतंय का म्हणून. काही आलं नाही. मग त्यानं विचारलं, “किती येळात पोचली तर जित्ती ऱ्हाती?”

“सकाळच्या गाडीनं आलेली लस दुपारच्या आत वर गेली, तर हमखास.”

आकारामनं फळीवरचा पाना उचलला.

पहिले दोन दिवस त्यानं फटफटी नुसती धुतली. रॉकेलनं ग्रीस उतरवलं, कारखान्यात आवळलेला एकेक नट ढिला करून पुन्हा आपल्या हातानं आवळला. सोळा भाग पेट्रोलला एक भाग तेल अशी कारखान्याची सूचना होती. इंजन नवं म्हणून त्यानं तेल जरा जास्तच घातलं. मग डोंगराची तयारी सुरू झाली. चढाला ओढ मिळावी म्हणून मागच्या दातेरी चक्राला जास्त दात हवे होते. तसं चक्र लालासाहेबांनी सांगलीच्या ओळखीच्या लेथवाल्याकडून कातून आणलं. जुन्या पिंपाचा पत्रा ठोकून आकारामनं इंजनाच्या पोटाखाली बसवला, म्हणजे दगड लागला तर पत्र्याला लागेल. चिखल अडकू नये म्हणून मडगार्ड उचलून घेतलं. टायरांतली हवा थोडी कमी केली.

एवढं झाल्यावर कार्बोरेटर. इथं त्याची घाई नडली. वरच्या हवेत इंजन मोकळं पळावं म्हणून त्यानं पेट्रोल जरा जास्तच तोडलं आणि मेढ्याच्या रस्त्याला लागला. सपाटीला फटफटी वाऱ्यासारखी गेली. चढावर तिनं कुरकुर केली असणार, शहाण्या कानाला ती ऐकू आली असती. आकारामला काहीच कळलं नाही. अर्ध्या चढावर मागचं चाक एकाएकी जाम झालं आणि तो फटफटीसकट खडीत आडवा झाला.

तापून पिस्टन सिलेंडरात अडकून बसला होता. सोललेल्या कोपरानं फटफटी ढकलत तो गॅरेजात परतला आणि लालासाहेबांपुढं मान खाली घालून उभा राहिला.

“लोक म्हनतेत ते खरं हाय, मालक. कान न्हाईत त्यानं इंजनाच्या वाटंला जाऊ नये.”

लालासाहेबांनी हनुवटीला धरून त्याचं तोंड वर केलं, म्हणजे बोललेलं दिसेल. “कान न्हाईत ही काय आजची गोष्ट हाय व्हय रं? कानानं जमत न्हाई तर दुसऱ्या कशानं जमतंय ते बघ की.”

नशिबानं पिस्टनवर नुसते ओरखडे होते, कड्या शाबूत होत्या. बारीक पॉलिश पेपरनं आकारामनं तो हातावर घासून गुळगुळीत केला आणि इंजन परत जोडलं. किक मारून ते चालू केलं. एका हातानं कार्बोरेटर धरायचा होता, दुसऱ्यानं मूठ पिळायची होती. पेचकस ठेवायला जागा नाही म्हणून लाकडी मूठ दातात धरून तो वाकला, आणि पेचकसाचं टोक सिलेंडरला टेकलं.

तो दचकलाच. आवाज आला होता. दातातून, जबड्यातून, थेट डोक्याच्या आत. पिस्टन वर जाताना वेगळा, खाली येताना वेगळा. पाच वर्षांत त्यानं इंजन ऐकलं नव्हतं. पेचकस तसाच दातात धरून तो हसायला लागला आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. लालासाहेब धावत आले, त्यांना वाटलं याला लागलंच कुठं तरी.

त्या दिवसापासून काम मार्गी लागलं. उभ्या फटफटीला तो दातानं ऐकायचा आणि चालत्या फटफटीला गुडघ्यानं, टाकीला गुडघा टेकवून. दर तीन-चार मैलांवर थांबून प्लग काढून बघायचा. काळा पडला तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला तर कमी. रोज थोडं थोडं करत बाराव्या दिवशी प्लग दुधाच्या चहासारखा तांबूस निघाला. त्या दिवशी तो सगळा चढ एका दमात चढून वर गेला, वरच्या सपाटीवर इंजन बंद केलं आणि सिलेंडरला लांबूनच तळहात दाखवून पाहिला. तापलं होतं, पण नवं इंजन तापावं तेवढंच.

आता लसीची पेटी. चिंतामणरावांनी ती मागच्या कॅरिअरवर बांधायची ठरवली होती. आकारामला ते पटेना. त्यानं थिजलेल्या खोबरेलाची एक बाटली पेटीत ठेवली आणि मेढ्यापर्यंत जाऊन आला. मागं, सायलेन्सरच्या वर, खोबरेल पातळ होऊन गेलं. दुसऱ्या दिवशी तीच पेटी त्यानं पुढं हँडलखाली बांधली, ओल्या गोणपाटात गुंडाळून, वारा थेट लागेल अशी. वाटेत दोनदा गोणपाट भिजवलं. मेढ्याला बाटली उलटी केली तर खोबरेल जागचं हललं नाही.

“हे आम्हाला कुणाला सुचलं नाही,” चिंतामणराव म्हणाले.

“तुमी चालत जात हुता. चालनाऱ्याला वारा कुटला लागायचा?”

होळीच्या आधीच्या आठवड्यात दिवस ठरला. चिंतामणराव तीन दिवस आधीच पायी पुढं गेले, गावाला गोळा करायला. सकाळी सातारा रोडला बेळगावकडची गाडी आली. आकारामनं लस ताब्यात घेतली, पेटीत ठेवली आणि किक मारली. सातारा मागं पडला, मेढा मागं पडला. मग गाडीवाट संपली आणि दगडगोट्यांची पायवाट लागली. ओढा लागला की थांबून तो आधी गोणपाट भिजवायचा, मग स्वतः पाणी प्यायचा. शेवटच्या खिंडीत चाक दोनदा घसरलं. तो उतरला, मूठ अर्धवट पिळून धरली आणि चालत्या इंजनाला खांदा लावत वर आला. सूर्य डोक्यावर यायच्या आत तो उंबरदऱ्याच्या देवळापुढं उभा होता.

देवळापुढं सगळं गाव होतं, पण पोरं आयांच्या पदराआड. चिंतामणराव पारावर उभे होते. आकारामला जे सांगितलं होतं, तेच ते गावाला सांगत होते, काही न वगळता.

आप्पासो म्हणून एक म्हातारा उठला. “मंजी तवा आमच्या पोरास्नी नुसतं पानीच टोचलं म्हना की!”

“होय,” चिंतामणराव म्हणाले.

दोघी-तिघी पोरं उचलून घराकडं वळल्या. तेवढ्यात बायकांतून मनुबाई पुढं आली, दहा महिन्यांची रंगू कडेवर. चिंतामणरावांकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. नवऱ्यासमोर येऊन, त्याला ओठ दिसतील अशी उभी राहिली.

“आवं, ही लस जित्ती हाय?”

“जित्ती हाय. सवता आनलीया. वाटंनं चारदा गोनपाट भिजवलं.”

मनुबाईनं मुलीकडं पाहिलं. ओठ दाताखाली दाबून तिनं रंगूला त्याच्या हातात दिलं. “धरा पोरीला. मला न्हाई बघवायचं.”

आकारामनं लेकीचा इवलासा दंड धरून ठेवला. चिंतामणरावांनी लस लावली. रंगूनं जो टाहो फोडला, तो त्याला उजव्या कानानंही थोडासा ऐकू आला.

त्या दिवशी एकेचाळीसांपैकी तेवीस पोरांनी टोचून घेतलं. आठव्या दिवशी चिंतामणराव ताजी लस घेऊन पुन्हा वर गेले, या खेपेला आकारामच्या मागं, फटफटीच्या कॅरिअरवर बसून. खिंडीत तेवढे उतरून चालले. मनुबाई अंगणातच उभी होती. तिनं रंगूची बाही वर सारली. दंडावर मोत्याएवढा, मधे दबलेला फोड टरारून आला होता.

“हाच ना?” तिनं विचारलं.

“हाच,” चिंतामणराव म्हणाले, आणि तिथंच ओट्यावर खाली बसले.

बावीस पोरांना फोड आला होता. ज्या एकाला आला नव्हता, त्याला तिथल्या तिथं पुन्हा टोचलं. ते बघून उरलेल्या अठरांच्या आयाही पोरं घेऊन आल्या. आप्पासोंचा नातू सगळ्यांत पुढं.

उन्हाळाभर फटफटी डोंगरात फिरली. चिंतामणरावही ती चालवायला शिकले, दोनदा करवंदीच्या जाळीत पडून. वैशाखात खालच्या खोऱ्यात देवीची साथ आली. उंबरदऱ्यात दोन मोठी माणसं आजारली आणि उठून बसली. लहान पोर एकही आजारलं नाही.

दसऱ्याच्या सुमारास लालासाहेबांनी आकारामपुढं एक पत्र धरलं. आटपाडीकडच्या देवी डॉक्टरांनाही तसलीच फटफटी मिळणार होती, आणि ती आकाराम फिटरानंच लावून द्यावी असं लिहिलं होतं.

आकारामनं पत्र दोनदा वाचलं. “तिकडं चढ न्हाई, मालक,” तो म्हणाला. “तिकडं धूळ हाय आन् ऊन हाय. हवेच्या जाळीचं कायतरी निराळंच करावं लागंल.”

“मग कर की.”

“आदी रस्तं बघून येतो.”

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या मोटारीनं तो आटपाडीला निघाला.