पोरगी एकटीची हाय का माझी?

दीपालीची बाळंतपणाची पगारी सुट्टी संपत आली, तेव्हा घरात ठरूनच गेलं होतं की ती आता कामावर जाणार नाही. तिला कुणी विचारलं नव्हतं.

तारापूरच्या एमआयडीसीत, औषधांच्या कारखान्यात ती गोळ्यांची पाकिटं तपासायची. चार वर्षं कंत्राटावर काढून गेल्या वर्षी कायम झाली. तिच्या पाड्यात तोवर कुणाचीच नोकरी कायम नव्हती. नवरा प्रदीप कापड रंगवण्याच्या कारखान्यात, अजून ठेकेदाराकडे. दोघं सालवडला एका चाळीत भाड्याने राहत.

रविवारी जेवताना प्रदीपने मोबाइलवर हिशेब मांडला.

"तुझे सोळा हजार. त्यातून शेजारच्या हंसाकाकूला पोरगी सांभाळायचे पाच, रिक्षाचे दोन, वरच्या दुधाचे दीड. उरले साडेसात. तेवढ्यासाठी पोरीला परक्या घरी ठेवायची?"

"हंसाकाकूचे पैसे माझ्याच पगारातून का कापलेस?"

"मग कुणाच्या?"

"पोरगी एकटीची हाय का माझी? तुझ्या चौदातून काप. बघ तुझे किती उरतात."

प्रदीप हसला. दीपाली हसली नाही. "माझा फंड जमतो. पोरगी आजारी पडली तर दवाखाना माझ्या विम्याच्या कार्डावर. तुझा ठेकेदार उद्या येऊ नको म्हणाला तर काय करशील? हिशेबच करायचा तर घरी तू बस."

ताट तसंच टाकून तो उठून गेला. त्याने गावाहून आईला बोलावून घेतलं. सुनेला चार गोष्टी सांगेल म्हणून.

लाडकीबाई नागलीचं पीठ घेऊन आली. नातीला मांडीवर घेऊन तिने दोघांचं ऐकलं आणि लेकाकडे वळली.

"वीटभट्टीवर तुला झोळीत टांगून मी विटा थापल्या. मुकादम पैसे तुझ्या बापाच्या हातात द्यायचा. मी किती कमावलं, मला आजून ठाव नाय. हिला हिचं ठाव हाय. हिला घरात बसवू नको."

"मग तू राहा इथे," प्रदीप म्हणाला.

"मी नाय राहायची. माझं शेत हाय."

दुसऱ्या सकाळी ती एसटीने परत गेली.

दोन दिवसांनी प्रदीप ठेकेदाराकडे गेला. त्याच्याकडून कायमची दुपारची पाळी मागून घेतली. ओव्हरटाइम बुडाला, मोटरसायकलचा बेत पुढे गेला. दीपाली सकाळी कामावर गेली की पोरगी त्याच्याजवळ, दुपारी तो निघाला की दीपाली येईपर्यंत हंसाकाकूकडे. काकूचे पैसे दोघं निम्मे निम्मे देऊ लागले.

पहिला दिवस वाईट गेला. पोरगी वाटी-चमच्याने दूध घेईना. इकडे कारखान्यात दीपालीचा कामाचा गाऊन दुधाने भिजला. कपडे बदलायच्या खोलीत ती भिंतीकडे तोंड करून रडली. सुपरवायझर म्हणाला, "बिनपगारी सुट्टी वाढवून घे ना."

"सुट्टी नको. अंगावर पाजायला दिवसातून दोनदा मधली सुट्टी मिळते कायद्याने, ती द्या. दोन्ही वेळच्या एकत्र करून शेवटी द्या, म्हणजे लवकर घरी जाईन."

तो कुरकुरला. तिने अर्ज दिला, पोच घेतली. आठवड्याने ती मधली सुट्टी मंजूर झाली.

चाळीत नळावर बायका कुजबुजत. एका रविवारी मंगला तोंडावरच म्हणाली, "नवऱ्याला आया केलंस गं!"

"बाप केलाय," दीपाली म्हणाली आणि आपला हंडा नळाखाली सरकवला. आत प्रदीप पोरीला न्हाऊ घालत होता, आणि पोरगी बोंबलत होती.