रोवणीत बंद राहणारं वसतिगृह

जूनमध्ये आम्ही गोंदियाला मुलीसाठी वसतिगृह बघायला गेलो, तेव्हा माझ्या खिशात मोजायचा टेप होता. चिचगडला माझं किराणा दुकान आहे आणि थोरल्या भावाबरोबर सामाईक धानाची शेती. मोजल्याशिवाय मी काही घेत नाही, देतही नाही. मुलीला गोंदियाच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या ऑनर्सला प्रवेश मिळाला होता. अभ्यासक्रम चार वर्षांचा आणि भर सगळा प्रयोगांवर. आठवड्याला एक प्रयोग. तो चुकला तर पुन्हा घेत नाहीत, आणि पुरेसे भरले नाहीत तर ऑनर्स जातो, साधी पदवी उरते. तिथल्या मॅडमनी हे प्रवेशाच्या दिवशीच सांगितलं होतं. आमच्याकडची पहिली एसटी गोंदियाला पोचेपर्यंत प्रयोग सुरू होऊन गेलेला असतो. म्हणजे मुलगी कुठे राहते, यावरच ती काय शिकते हे ठरणार होतं.

जागा दोन होत्या. एक कॉलेजचं वसतिगृह, आवारातच. दुसरं फुलचूरला, आमच्या समाजाचं.

कॉलेजचं आधी पाहिलं. भाऊ फाटकाजवळच्या बाकावर बसून राहिला. मुलगी आणि मी वर गेलो. खोलीत चार पलंग. मी खोली मोजली, दोन पलंगांमधली जागा मोजली, मजल्यावरच्या मोऱ्या मोजल्या. तिथली बाई दारात उभी राहून बघत होती.

"अंकल, पलंग घर ले जाना है क्या?"

"नाही, मुलीला इथे ठेवायचं आहे."

"तो फिर लडकी को नापो," ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

मुलगी खिडकीशी उभी होती. समोर, मैदानापलीकडे, प्रयोगशाळेची इमारत दिसत होती. गळ्यातली ओढणी काढून तिने खिडकीजवळच्या पलंगावर ठेवली, एसटीत जागा धरायला रुमाल टाकतात तशी. बाई म्हणाली, ऑनर्सवाल्यांना मार्कांप्रमाणे आधी जागा मिळते, आठ दिवसांत कळवा. खाली उतरताना मीच तिला ओढणीची आठवण केली.

फुलचूरचं वसतिगृह कसं चालतं ते सांगायला हवं. चुरणी, म्हणजे धानाची मळणी, झाली की समाजातल्या प्रत्येक घरून तिथे एक पोतं तांदूळ जातो. आमच्या घरून आजोबांपासून जातो आहे. आमच्या घरातली कोणी मुलगी शिकायला बाहेर पडलेली नव्हती, त्यामुळे आम्ही आजवर फक्त दिलं होतं. भाऊ फाटकातून आत शिरला तो आपल्या खळ्यावर आल्यासारखा. तिथल्या बाईने आम्हाला जेवायला बसवलं. भात चांगला होता. खोल्या स्वच्छ, अंगणात तुळस, मुली मोकळ्या. मी टेप काढला तर भावाने डोळ्यांनीच नको म्हटलं. तरी मी मोजलं. दोष काढण्यासारखं काही नव्हतं.

मग बाई म्हणाली, "रोवणीत मात्र बंद राहते, भाऊ. आन कापणीत बी. पोरी आपापल्या घरी जातात." रोवणी म्हणजे आमच्याकडची धानाची लावणी.

"किती दिवस?"

"पाण्यावर आहे. पाऊस आला का रोवणी, रोवणी झाली का परत."

"पण कॉलेज तर सुरूच असतं."

"कॉलेजले का समजते रोवणी?" भाऊ म्हणाला आणि बाई हसली. त्या दोघांना ते इतकं सरळ वाटत होतं की मी टेप गुंडाळून खिशात टाकला. शहराच्या कडेला बांधलेलं पक्कं घर, वीज, पंखे, आणि ते उघडणार, मिटणार धानाच्या बांधीतल्या पाण्यावर. हे आमच्याच लोकांना सुचलं असतं. बांधलं तेव्हा मुली मॅट्रिकपर्यंत शिकत आणि शाळाही रोवणीत ओसच पडत. पुढे सगळं बदललं, हे तेवढं राहून गेलं.

मी समितीच्या अध्यक्षांना भेटलो. जवळच राहतात, स्वभावाने चांगले. म्हटलं, एकट्या माझ्या मुलीला त्या दिवसांत राहू द्या, ती हाताने करून खाईल.

"एका पोरीसाठी कुलूप उघडं ठेवू का? सैपाकीण जाते, बाई जाते, चौकीदार जाते. साऱ्यांचीच शेती आहे. तिले काही झालं त तुम्हीच मले पकडान."

त्यातही खोटं काही नव्हतं. मग गोंदियातल्या मावसभावाकडे विचारलं. त्याची दोन खोल्यांची जागा, त्यात आई अंथरुणावर. कॉलेजच्या वसतिगृहात पंधरा दिवसांपुरतं कोणाला घेत नाहीत. एवढं फिरून आम्ही घरी आलो.

घरी मी भावापुढे सगळं मांडलं. प्रयोग किती, रोवणीत किती बुडणार, कापणीत किती, आणि उरले ते पुरत नाहीत. पाऊस वेळेवर आला तरी पुरत नाहीत. भावाने शेवटपर्यंत ऐकलं. एकही आकडा खोडला नाही.

"हिशोब बरोबर आहे तुझा," तो म्हणाला. "पोरगी फुलचूरले राहील."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? आपला तांदूळ खाऊन लोकायच्या पोरी शिकल्या. आन आपली पोरगी म्हणते, मले तिथं नाही जमत. उद्या कोणत्या तोंडानं पोतं नेऊन टाकू?"

"पोतं नेऊ. पोतं कोण बंद करतं?"

"पोतं नेशील, पोरगी नाही नेणार. लोक का आंधळे आहेत?"

माझी बायको आतून म्हणाली, "लोक पोरीले शिकवून राहिले का?"

"लोकायच्याच घरी द्यायची आहे ना तिले," भाऊ शांतपणे म्हणाला. जेवण वाढताना बायको मला म्हणाली, "तुमचा टेप इथं कामाचा नाही."

मुलगी भावाला मोठे बाबा म्हणते. लहानपणी ती त्याच्याच खांद्यावर असायची. तिला विचारलं तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "फुलचूरलेच राहतो मी." कॉलेजच्या बाईने सांगितलेले आठ दिवस अजून संपले नव्हते. ते तसेच संपू दिले.

त्या वर्षी पाऊस लांबला. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वाफ्यात पिवळी पडायला लागली. मग एकदम आला आणि सगळ्यांची रोवणी एकाच वेळी निघाली. मजूर मिळेनात. मुलगी पिशवी घेऊन घरी आली आणि दुसऱ्या दिवशी बांधीत उतरली. तिचा हात चांगला आहे, ओळ सरळ जाते. भाऊ धुऱ्यावर, बांधावर उभा राहून म्हणाला, "पाहा, शिकून बी विसरली नाही."

"विसरायले कवा गेली होती?" ती न वळता म्हणाली. बाया हसल्या.

प्रयोगाचा वार आला तेव्हा मी मुद्दाम बांधीवर गेलो. ती वाकलेली होती. वेळ झाली तशी एकदा सरळ उभी राहिली, हातातली पऱ्ह्यांची जुडी झटकली, पुन्हा वाकली. पुढच्या आठवड्यात ती उभीही राहिली नाही. मजूर नसल्याने रोवणी रेंगाळली, फुलचूरचं कुलूप तसंच राहिलं. मी धरलेल्या आकड्यापेक्षा जास्त प्रयोग बुडाले. दिवाळीआधी हलकं, लवकर पिकणारं धान कापायला आलं, दिवाळीनंतर भारी. दोन्ही वेळा ती घरी होती.

मॅडमनी तिला बोलावून सांगितलं. रागावल्या नाहीत म्हणे. हुशार आहेस, पण मला नियमाबाहेर जाता येत नाही, एवढंच म्हणाल्या. तिने हे आम्हाला जेवताना सांगितलं, वरण मागावं तितक्या सरळ आवाजात. भाऊ म्हणाला, "साधी पदवी बी पदवीच असते." ती हो म्हणाली. मला त्या दोघांपैकी कोणावर रागावावं ते कळलं नाही आणि अजून कळलेलं नाही. सगळे बरोबर होते. माझा हिशोबही बरोबर होता.

ती अजून फुलचूरला राहते. साध्या पदवीला रोवणी, कापणी चालून जाते. कॉलेजात जायचा रस्ता तिथल्या वसतिगृहाच्या त्या खिडकीखालून जातो. खिडकीजवळच्या पलंगावर कोण राहतं, हे मी एकदा विचारलं. म्हणाली, "मी वर पाहत नाही, बाबा."

परवा चुरणी झाली. फुलचूरचं पोतं भरायला घेतलं. दरवर्षीसारखा काटा मी लावला. भाऊ म्हणाला, "थोडं वर टाक, आपली पोरगी आहे तिथं." मी वर टाकलं. पोत्याचं तोंड मुलीने दोन्ही हातांनी धरलं होतं. तिच्या बोटांना लागणार नाही असं बघत मी ते शिवून टाकलं.