शिंपीकाकांना वाचता येईल असं पान

आमचे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात आणि रविवारी सकाळी ट्रॉम्बोन वाजवतात. दोन्हींत मध्येच अडकलेलं त्यांना खपत नाही. आमचा पितळी वाद्यांचा संच चौघांचा. पहिला कॉर्नेट, म्हणजे छोटेखानी ट्रम्पेट, शिंपीकाकांचा, दुसरा माझा, हॉर्न बेकरीवाल्या मावशींचा. बसायचं काकांच्याच दुकानात, कापडं बेतायच्या टेबलाभोवती.

या उन्हाळ्यात काकांचे पुढचे तीन दात काढावे लागले. कवळी बसवली, पण कॉर्नेट ओठांवर दाबला की ती हलायची. चाळीस वर्षं पहिल्या खुर्चीवर बसलेला माणूस. त्यांनी कॉर्नेट पुसून खोक्यात ठेवला आणि यापुढे फक्त दुकान उघडून देईन म्हणाले. मला रडू आलं. बाबांना राग आला, आणि रागावले की ते कामाला लागतात.

त्यांनी कुठूनसा जुना ट्युबा, म्हणजे सगळ्यात मोठं, खालच्या सुरांचं पितळी वाद्य, मागून आणला. त्याचं फुंकायचं तोंड चांगलं कपाएवढं, पुढच्या दातांवर फारसा भार येत नाही. काकांनी फुंकलं, तर खोल, भरदार सूर निघाला. पण कॉर्नेट, हॉर्न, ट्रॉम्बोन, ट्युबा अशा चौघांसाठी आमच्याकडे नोटेशनचं एकही पान नव्हतं. मग बाबा इंटरनेटवर नोटेशन शोधायला बसले. तेही फुकटच हवं, कारण फुकट मिळालेलं त्यांना दुप्पट गोड लागतं. निम्म्या ठिकाणी पहिलं पान फुकट दाखवून दुसऱ्यावर कुलूप. बाबांनी त्या सगळ्यांचा यथेच्छ उद्धार केला. शेवटी एक जुनी धून सापडली, हक्क केव्हाच संपलेले. ग्रंथालयातून छापून घेऊन स्वारी ऐटीत घरी आली.

रविवारी वाजवलं, तर जिन्यावरून कपाट घरंगळल्यासारखा आवाज. ट्युबाच्या पानावर सुरुवातीचं चिन्हच वेगळं होतं, खालच्या वाद्यांचं. ओळी त्याच, पण स्वर दुसरे. काकांची बोटं मात्र जन्मभराच्या सवयीने कॉर्नेटचेच स्वर दाबत होती. तीनदा प्रयत्न करून त्यांनी ट्युबा मांडीवरून खाली ठेवला.

"या वयात नवी अक्षरं गिरवणं होणार नाही माझ्याच्यानं," ते म्हणाले. "तुम्ही तिघं वाजवा."

मग मावशी हॉर्न पुसत म्हणाल्या, की त्यांच्या जुन्या कारखान्याच्या बँडमध्ये ट्युबालाही कॉर्नेटचंच चिन्ह असायचं. बोटंही तीच. माणूस कुठल्याही खुर्चीवर बसवता यावा म्हणून. हे आधी का नाही सांगितलं, असं बाबांनी विचारलं. मला कोणी विचारलंच नाही, म्हणाल्या. खरंच होतं. शोधायचं काम बाबांनी कोणाला करू दिलं होतं?

आता नेमकं काय शोधायचं ते कळलं. दोनच दिवसांत एका जुन्या बँडची साइट सापडली. त्यांनी आपलं अख्खं कपाट स्कॅन करून ठेवलं होतं, ज्याला हवं त्याने घ्यावं आणि वाजवावं. त्यात चौघांसाठी एक संथ चाल होती आणि ट्युबाचं पान कॉर्नेटच्याच चिन्हात.

काकांनी चष्मा लावला, पान वरून खाली वाचलं, आणि ट्युबा मांडीवर घेतला. पहिल्या भागात ते आम्हाला सांभाळत खालून चालले. दुसऱ्या भागात मुख्य सुरावट त्यांच्याकडे आली. काका एकदाही अडखळले नाहीत. मीच अडखळले, कारण मी त्यांच्याकडे बघत बसले होते.

संपल्यावर काकांनी ते पान उलटून पाहिलं. मागे कोरं होतं.

"पुढचं?" त्यांनी विचारलं.

बाबा म्हणाले, एवढं एकच मिळालंय.

"मग शोध की," काका म्हणाले. "मी कुठे चाललोय?"