प्रॉपर्टी शिकवायची म्हणजे

भंडाऱ्यात मी पायथन प्रोग्रामिंगचा क्लास चालवतो. पोरं शिकून निघून जातात, एरर दुरुस्त होतात. किस्से तेवढे माझ्याकडे राहतात. आणि सगळ्यात जास्त किस्से दिले ते एकाच धड्यानं!

*

धडा प्रॉपर्टीचा. म्हणजे ऑब्जेक्टच्या दारावर चौकीदार बसवायचा. चुकीची माहिती आली की दारातूनच परत!

"उद्या प्रॉपर्टी करू," एवढंच मी बोललो. चिखल्याच्या खाणीतून रिटायर झालेले दौलतकाका दुसऱ्या दिवशी सातबारा घेऊन हजर!

वर मलाच विचारतात, "बाकीच्यायनं काहून नाही आणला?"

*

अड्याळची प्रभा क्लासात सगळ्यात हुशार. तिच्या प्रोग्रामात मी वय टाकलं उणे पाच. स्क्रीनवर 'चूक आहे' असं उमटलं, आणि वय आरामात आत गेलं!

"सर, चूक आहे म्हणून सांगतलं ना त्याले! ऐकतच नाही तं काय मारू?"

"हो, मारायचंच! एरर फेकून मार!"

*

काकांनी सेटर, म्हणजे तोच दारावरचा चौकीदार, लिहिला, पण आतल्या नावाआधीचा अंडरस्कोर विसरले. सेटर स्वतःलाच बोलवत सुटला. स्क्रीनभर लाल ओळी!

काका हताश. "सरकारी हापिसात बरं हो! दुसऱ्या टेबलावर तं पाठवते. हा त्याच टेबलावर फिरवून राहिला!"

*

एकदा ऐटीत डेमो दिला. वजन शंभरच्या आतच घ्यायचं, असा सेटर लिहिला आणि माझंच वजन टाकलं.

एरर!

काका म्हणाले, "चौकीदार इमानदार आहे, सर."

*

प्रभानं लग्नाच्या बायोडाट्याचा प्रोग्राम केला होता. तेव्हाच तिला एक स्थळ आलं. पोरगी खरंच कॉम्प्युटर शिकते का, ते बघायला मुलगा आणि त्याचा बाप थेट क्लासातच आले.

"बसा काका. तुमच्या मुलाचाच बायोडाटा भरू," प्रभा म्हणाली.

नाव, शिक्षण, नोकरी, सगळं बापानंच सांगितलं. मग रकाना आला खर्ऱ्याचा, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या व्यसनाचा.

"कधीमधी," बाप म्हणाला. एरर.

"थोडासाक." एरर.

"दोस्तायसंगं." एरर!

"पोरी, तुयी मशीन लय कडक आहे!"

"मशीन नाही काका, मी कडक आहो. हो नाहीतं नाही, दोनच चालते."

बाप मुलाकडे वळला. "बाबू, तूच सांग."

मुलगा आल्यापासून एक शब्द बोलला नव्हता. तो उठला, बाहेर गेला, थुंकून आत आला आणि म्हणाला, "नाही!"

प्रोग्रामनं मुकाट्यानं घेतलं. प्रभा त्याच्या दातांकडे बघत होती.