तरंगणारा गोळा आणि कुंकवाची जागा

परवा डिंगोऱ्यात आमचा लोखंडी गोळा अख्ख्या गावासमोर टप्पकन खाली पडला...

मी आणि माझा मित्र प्रशांत तिथल्या शाळेच्या एका रिकाम्या खोलीत छोटं सायन्स म्युझियम करतोय. सर्किट त्याचं, डिझाइन आणि पाट्या माझ्या.

पहिलं मॉडेल हेच. वर इलेक्ट्रोमॅग्नेट, त्याखाली हवेत तरंगणारा गोळा. एका बाजूला डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशाचा बल्ब, समोर सेन्सर. गोळा वर सरकला की प्रकाश अडतो आणि मॅग्नेट ढिला पडतो, खाली आला की परत जोर लावतो... हाच फीडबॅक. शेजारी एक नॉब आहे, तो फिरवला की मॅग्नेट उशिरा जागा होतो आणि गोळा थरथरायला लागतो. इथे हात लावायचाच, असं मी पाटीवर लिहिलंय.

सरपंच काकूंनी आधीच बजावलं होतं, लोकांना काही बघायला मिळालं तर खोली तुमची. नाहीतर तिथे रेशनचं गोदाम.

सकाळी ट्रायलला गोळा मस्त तरंगला. मग पूजा झाली, नारळ फुटला, मी गोळा सोडला... टप्प. परत सोडला, परत टप्प. प्रशांत वायरी तपासून घामाघूम. मागून कोणीतरी म्हणालं, "असा तर आमी बी पाडू की राव." सगळे हसले. मीपण हसले, दुसरं काय करणार...

शेवटी प्रशांतने मोबाइलचा सेल्फी कॅमेरा बल्बसमोर धरला. त्यात तो प्रकाश जांभळट दिसतो. दिसला, पण अगदी मंद. वाकून बघितलं... तर बल्बवर ओलं कुंकू!

काकूंनीच लावलं होतं. आता नवीन मशीनला हळदीकुंकू न लावता कोण चालू करतं? आमच्याकडे मिक्सरलाही लागतं. त्यात मी हौसेने बल्बभोवती पितळी रिंग बसवलेली... जागा बरोब्बर कपाळासारखी.

काकू कानकोंड्या झाल्या. प्रशांतने समजावलं की कुंकवाने प्रकाश अडला, म्हणून मशीनला वाटलं गोळा वर आलाय.

काकूंनी बल्बकडे बोट केलं. "म्हंजे गोळा खालीच व्हता, आन ह्याला वाटलं लई वर ग्येला, म्हणून सोडून दिला?"

हो म्हटलं.

"निवडून आल्यावर आमचं बी असंच व्हतं बघ."

या वेळी हशा वेगळाच होता. मी बल्ब रुमालाने पुसला, गोळा सोडला. जरा डगमगला... आणि थांबला. हवेत.

काकूंनी गोळ्याच्या चारी बाजूंनी बोट फिरवून बघितलं, कुठे दोरा न्हाई ना. मग प्रशांतच्या हातात किल्ली दिली. "कुलूप तुमचंच लावा पोरांनो."

काल बल्बपुढे काच बसवली आणि वर फ्रेमवर कुंकवासाठी वेगळी पितळी चकती लावली. लोकांनी कुठे हात लावायचा यावर मी इतका विचार केला होता... त्यांचा हात आपसूक कुठे जातो, हे कोणाला विचारलंच नव्हतं.

थँक्यू काकू. खोलीची काळजी मिटली आणि काल किती दिवसांनी पोटभर जेवले...